अश्वव्यवसाय आणि कर्जाचा हप्ता

घोडा हा एके काळी महाराष्ट्राच्या राज्यकारभाराचा आणि दळणवळणाचा आधार होता. आज ती स्थिती राहिलेली नाही. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात घोडे व तट्टे मिळून सुमारे ३ लाख ४० हजार जनावरे उरली होती. २०१२ च्या गणनेच्या तुलनेत ही घट ४५.६ टक्के होती. तरीही काही ठिकाणी घोडा हेच अनेक कुटुंबांच्या उपजीविकेचे मुख्य साधन आहे. माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी यांसारखी गिरिस्थाने, समुद्रकिनाऱ्यावरील पर्यटनस्थळे, लग्नाच्या वरातीसाठी घोडा पुरविणारे व्यावसायिक, शहरांलगतच्या अश्वारोहण शिकविणाऱ्या संस्था आणि पैदास करणारे अश्वपालक हे सर्व या व्यवसायात मोडतात. यांपैकी बहुतेकांना जनावर घेण्यासाठी कधी ना कधी कर्ज काढावे लागते.

गाय किंवा म्हैस यांच्यासाठी कर्ज कसे घ्यावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. घोड्याच्या कर्जाविषयी मात्र फारसे मार्गदर्शन उपलब्ध नसते. परिणामी दुभत्या जनावराचा हिशेब घोड्यालाही लावला जातो आणि तेथेच चूक होते. दुभते जनावर वेतातील बहुतेक दिवस दूध देते व दुधाचे पैसे ठरावीक दिवसांनी हाती येतात. घोड्याची मिळकत हंगामी असते, पण त्याची चंदी व वैरण बाराही महिने लागते. या व्यवसायातील कर्जाचा सारा प्रश्न याच विसंगतीत आहे. तो नीट समजावा म्हणून प्रस्तुत लेखात माथेरानचे उदाहरण पुढे ठेवले आहे. पंचायत सदस्य, शिक्षक, ग्रामसेवक व बँकांशी संबंध येणारे अधिकारी यांना आपापल्या भागातील अर्जदारास सल्ला देताना त्याचा उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

माथेरान : व्यवसायाचे स्वरूप

रायगड जिल्ह्यातील माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी १८५० मध्ये या ठिकाणाकडे लक्ष वेधले आणि १९०७ मध्ये नेरळहून छोटी रेल्वे वर आली. मोटारींना येथे दस्तुरी नाक्यापलीकडे प्रवेश नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये केंद्र शासनाने माथेरान व परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केल्यावर या निर्बंधास अधिक बळकटी आली. त्यामुळे दस्तुरीपासून बाजारपेठेपर्यंतची सुमारे अडीच किलोमीटरची वाट पायी, छोट्या रेल्वेने, हातरिक्षाने किंवा घोड्यावरून पार करावी लागे. पर्यटकांना निरनिराळ्या पॉइंटांची सैर घडविणे आणि सामान वाहून नेणे ही कामेही घोड्यांकडेच आली. चारशेहून अधिक परवानाधारक घोडे आणि त्यांवर अवलंबून असलेली कुटुंबे, असा या व्यवसायाचा पसारा आहे.

व्यवसायाची मिळकत ऑक्टोबर ते मे या काळात होते. त्यातही दिवाळी, नाताळ, उन्हाळ्याची सुटी आणि शनिवार-रविवार हे भराचे दिवस. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पाऊस अतिशय मुसळधार पडतो, वाटा निसरड्या होतात आणि नेरळ ते अमन लॉज या मार्गावरील रेल्वेही बंद ठेवली जाते. पावसाची मौज पाहण्यास येणारे पर्यटक असतात, परंतु त्यांच्यावर घोड्याचा खर्च निघत नाही. थोडक्यात, आठ महिन्यांच्या मिळकतीवर बारा महिन्यांचा खर्च भागवायचा, हे या व्यवसायाचे पहिले गणित होय.

घोडा पोसण्याचा खर्च

सुमारे ३०० किलो वजनाच्या तट्टास दररोज शरीराच्या वजनाच्या दोन ते अडीच टक्के, म्हणजे सहा ते साडेसात किलो सुका आहार लागतो. त्यात कडबा, गवत किंवा लसूणघास यांसारखी वैरण आणि हरभरा, गव्हाचा कोंडा इत्यादींची चंदी यांचा समावेश होतो. काम नसले म्हणून चंदी कमी करता येते, पण वैरण थांबविता येत नाही. पोट रिकामे ठेवणे, एकदम आहार बदलणे किंवा बुरशी आलेला चारा घालणे यांमुळे पोटशूळ उद्भवतो आणि घोडा काही तासांत दगावू शकतो. म्हणून पावसाळ्यासाठी कोरडा चारा आधीच विकत घेऊन उंचावर, ओल लागणार नाही अशा जागी रचून ठेवावा लागतो.

याखेरीज चार ते सहा आठवड्यांनी नालबंदाकडून खूर छाटून नवे नाल ठोकावे लागतात. धनुर्वाताची लस, जंतांचे औषध, गोचीड व माश्यांपासून संरक्षण, खोगीर-लगामाची दुरुस्ती आणि मोतद्दाराचा पगार हे खर्च वेगळेच. धनुर्वात घोड्यास फार लवकर होतो. खिळ्याची एक जखमही पुरते. या बाबी कर्जाच्या अर्जात बहुधा लिहिल्या जात नाहीत, कारण अर्जदार आणि अधिकारी या दोघांचेही लक्ष घोड्याच्या किमतीकडे असते.

एक नमुना हिशेब

आता एक हिशेब मांडू. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. प्रत्येक अर्जदाराने आपल्या गावचे दर घालून तो पुन्हा करावा.

समजा, एका तरुणास दोन घोडे घेऊन व्यवसाय सुरू करावयाचा आहे. दोन घोड्यांची किंमत १,८०,००० रुपये, खोगीर, लगाम, रिकीब इत्यादी साज २४,००० रुपये, तबेल्याच्या छपराची दुरुस्ती ३६,००० रुपये, पशुवैद्यकीय तपासणी व पहिल्या वर्षाचा विमा १०,००० रुपये. ही बेरीज २,५०,००० रुपये होते आणि तेवढे कर्ज तो बँकेकडून १२ टक्के दराने, पाच वर्षांच्या मुदतीने घेतो. मासिक हप्ता ५,५६१ रुपये येतो. पाच वर्षांत एकूण सुमारे ३,३३,६६७ रुपये भरावे लागतात, म्हणजे व्याज ८३,६६७ रुपये होते.

एका घोड्याचा महिन्याचा खर्च ७,५०० रुपये धरला, तर दोघांचा १५,००० रुपये. घरखर्च १२,००० रुपये. हप्ता मिळवून महिन्याची गरज ३२,५६१ रुपये होते. हंगामातील आठ महिन्यांत दोन घोड्यांची सरासरी मिळकत दरमहा ४८,००० रुपये आणि पावसाळ्यातील चार महिन्यांत दरमहा ६,००० रुपये समजू.

वर्षाची मिळकत ४,०८,००० रुपये आणि वर्षाचा खर्च ३,९०,७३२ रुपये होतो. शिल्लक १७,२६८ रुपये. कागदावर व्यवसाय फायद्यात दिसतो आणि कर्ज मंजूर होते.

हाच हिशेब महिन्यावारी मांडला की चित्र पालटते. हंगामात दरमहा १५,४३९ रुपये उरतात. आठ महिन्यांचे मिळून १,२३,५१२ रुपये. पावसाळ्यात दरमहा २६,५६१ रुपये कमी पडतात; चार महिन्यांचे मिळून १,०६,२४४ रुपये. म्हणजे हंगामातील जवळजवळ सर्व शिल्लक जपून ठेवली, तरच पावसाळा निभावतो. त्या शिल्लकीतून घरात लग्नकार्य झाले, आजारपण निघाले किंवा तिसरा घोडा घेतला गेला, तर जूनमध्ये हप्ता थकणे ठरलेलेच. वार्षिक सरासरी पाहून दिलेले कर्ज अशा रीतीने पहिल्याच पावसात अडचणीत येते.

दुसरी गोष्ट घोड्याच्या दुखापतीची. दोनपैकी एक घोडा हंगामात दोन महिने लंगडा होऊन ठाणबंद राहिला, तर मिळकत ४८,००० रुपयांनी घटते. १७,२६८ रुपयांची शिल्लक नाहीशी होऊन ३०,७३२ रुपयांची तूट येते. औषधपाण्याचा खर्च त्यात धरलेलाच नाही. खोगिराखाली पाठीला झालेली एक जखम दुर्लक्षित राहिली, तरी एवढा फरक पडू शकतो. म्हणून रोजचा खरारा, पाठीची व खुरांची पाहणी आणि योग्य मापाचे खोगीर हे कर्जफेडीचेच भाग समजले पाहिजेत.

नव्वद दिवसांचा नियम आणि चार महिन्यांचा पाऊस

बँकांच्या नियमांप्रमाणे मुदतकर्जाचा हप्ता किंवा व्याज नव्वद दिवसांहून अधिक काळ थकले, की ते खाते अनुत्पादक कर्ज गणले जाते. जूनचा हप्ता थकला व पुढे भरणा झाला नाही, तर सप्टेंबरमध्ये खाते त्या वर्गात जाते. ऑक्टोबरात पर्यटक परत येतात तेव्हा घोडेवाल्याची कर्जफेडीची ताकद परत आलेली असते, पण त्याची पत गेलेली असते. पतमाहिती संस्थांकडे त्याची नोंद होते व पुढचे कर्ज अवघड होते. व्यवसाय बुडालेला नसताना केवळ वेळापत्रक चुकल्यामुळे कर्जदार बुडवा ठरतो.

यावर उपाय अर्जाच्या वेळीच करावयाचा असतो. आपली मिळकत कोणत्या महिन्यांत किती येते, याचा तक्ता अर्जासोबत जोडून, वर्षाची परतफेड ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांत विभागून द्यावी, अशी लेखी विनंती करावी. वरील उदाहरणात तो हप्ता दरमहा सुमारे ८,४०० रुपये येईल. पावसाळ्यातील व्याजामुळे त्यात थोडी वाढ होऊ शकते. मात्र पावसाळ्याची तूट १,०६,२४४ रुपयांवरून ८४,००० रुपयांवर येते आणि नव्वद दिवसांचा धोका टळतो. विनंती मान्य करणे बँकेच्या अधिकारात आहे. परंतु तक्ता पाहिल्यावर शाखाधिकाऱ्यास तिचे कारण पटणे सोपे जाते. कर्ज थकल्यावर हीच विनंती करण्याचा तितका उपयोग होत नाही.

खरेदी केव्हा करावी

महाराष्ट्रातील घोड्यांच्या खरेदी-विक्रीसाठी दोन यात्रा विशेष प्रसिद्ध आहेत. नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठच्या सारंगखेडा येथे दत्तजयंतीस भरणारी एकमुखी दत्ताची यात्रा आणि नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातील माळेगावची खंडोबाची यात्रा. दोन्ही मार्गशीर्षात, म्हणजे साधारणतः डिसेंबरमध्ये भरतात. तेथे मारवाडी, काठियावाडी आणि भीमेच्या खोऱ्यातील भीमथडी अशा जातींची जनावरे येतात.

डिसेंबरात घोडा घेणाऱ्याच्या हाती पहिल्या पावसापूर्वी जानेवारी ते मे असे पाचच महिने असतात. वरील हिशेबाप्रमाणे त्यांत ७७,१९५ रुपये उरतात आणि पहिल्या पावसाळ्याची तूट १,०६,२४४ रुपये आहे. म्हणजे २९,०४९ रुपये कमी पडणार, हे खरेदीच्या दिवशीच ठाऊक असते. यास्तव स्वतःची बचत घोड्याच्या किमतीत पूर्णपणे न घालता, निदान चार महिन्यांच्या दाणावैरणीइतकी रक्कम वेगळी राखून ठेवावी. दोन घोड्यांसाठी ती ६०,००० रुपये होते. बँक स्वतःचा हिस्सा मागत असल्यास ही रक्कम त्याव्यतिरिक्त हवी. ज्याच्यापाशी ती नाही, त्याने प्रथम एकच घोडा घ्यावा. मे महिन्यात, गर्दीच्या मोहाने, कर्ज काढून घोडा घेणे सर्वांत धोक्याचे; कारण दोन-तीन आठवड्यांतच पाऊस येतो आणि जनावर नुसते पोसावे लागते.

खरेदीच्या वेळी दातांवरून वय पाहणे, चालवून व दौडवून लंगडेपणा पाहणे, डोळे व श्वास तपासणे आणि अनोळखी माणसास पाठीवर घेते की नाही हे पाहणे आवश्यक आहे. पर्यटकांच्या सैरीसाठी शांत स्वभावाचे, पाच-सहा वर्षांवरील, कामास सरावलेले जनावर हवे. आपल्याकडे भोवरे, रंग व शुभाशुभ खोडी यांवरून किमती फार वरखाली होतात. शौकिनाने त्यासाठी पैसे मोजावेत. कर्जदाराने मोजू नयेत. देवमणी असलेला घोडा इतर घोड्यांपेक्षा अधिक फेऱ्या करीत नाही. त्याउलट कसलेल्या पशुवैद्याकडून करून घेतलेली तपासणी आणि ग्लँडर्स रोगासाठी केलेली रक्ताची चाचणी यांवरचा खर्च कधीही वाया जात नाही. ग्लँडर्स हा जीवघेणा रोग असून तो माणसासही होऊ शकतो. कायद्यानुसार बाधित जनावर नष्ट करावे लागते. त्यासाठी शासकीय भरपाईची तरतूद असली, तरी तेवढ्याने कर्ज फिटेलच असे नाही.

चालता व्यवसाय विकत घेताना

कित्येकदा तरुण नवा व्यवसाय सुरू न करता दुसऱ्याचा चालता व्यवसाय विकत घेतात. अशा वेळी किमतीत घोडे, साज, तबेला, परवाना आणि जुनी गिऱ्हाइके या सर्वांचे मोल एकत्र सांगितले जाते. ते वेगवेगळे करून लिहून घ्यावे. घोडा व साज या वस्तू आहेत. त्या बँकेकडे नजरगहाण राहू शकतात. तबेल्याची जागा कोणाच्या नावावर आहे, हे पाहावे. परवाना मात्र खाजगी मालमत्ता नसून स्थानिक प्राधिकरणाने दिलेली अनुज्ञा असते. तो नव्या मालकाच्या नावे होतो किंवा नाही, याचे लेखी उत्तर नगरपरिषदेकडून मिळाल्याशिवाय त्यापोटी पैसे देऊ नयेत.

परवान्यावर उभा असलेला व्यवसाय शासनाच्या धोरणाने व न्यायालयाच्या निर्णयाने बदलू शकतो, हे मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांच्या बाबतीत दिसले. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केवळ करमणुकीसाठी चालणाऱ्या या गाड्या बेकायदेशीर ठरविल्या व त्या वर्षभरात बंद करण्याचा आदेश दिला. माथेरानमध्येही बदल होत आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये मुभा दिल्यानंतर त्या वर्षाच्या डिसेंबरात तेथे ई-रिक्षांचा प्रायोगिक प्रारंभ झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने माणसाने माणसास ओढणाऱ्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला आणि हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा भाड्याने देण्याच्या योजनेचा विचार करण्यास सांगितले. शाळकरी मुले, वृद्ध व आजारी यांच्या दृष्टीने ही सोय स्वागतार्हच आहे. पण दस्तुरी ते बाजारपेठ ही फेरी ज्याच्या मिळकतीचा मोठा भाग आहे, त्या घोडेवाल्याने पुढील पाच वर्षांचा हिशेब जुन्या फेऱ्यांवर मांडणे शहाणपणाचे नाही. घोड्याची खरी मागणी पॉइंटांच्या सैरीसाठी व अश्वारोहणाच्या आनंदासाठी राहील, असे धरून मिळकत मोजावी. धोरण अनिश्चित असेल तेथे कर्जाची मुदत शक्य तितकी कमी व रक्कम बेताची ठेवावी.

साथीचा धडाही विसरता येणार नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि भर उन्हाळी हंगाम बुडाला. रिझर्व्ह बँकेने १ मार्च ते ३१ ऑगस्ट २०२० या काळातील हप्ते पुढे ढकलण्यास मुभा दिली होती. व्याज मात्र चालूच राहिले. हप्ता थांबला, पण चंदी थांबली नाही. ज्यांच्यापाशी चाऱ्याची साठवण नव्हती, त्यांना प्राणिमित्र संस्थांच्या मदतीकडे पाहावे लागले.

कर्ज कोठून घ्यावे

एप्रिल २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मुद्रा योजनेत छोट्या बिगरशेती व्यवसायांना तारणाशिवाय कर्ज मिळते. ‘शिशु’ गटात ५० हजार, ‘किशोर’ गटात ५ लाख व ‘तरुण’ गटात १० लाख रुपयांपर्यंत मर्यादा आहे. ‘तरुण’ गटातील कर्ज यशस्वीपणे फेडणाऱ्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा गट निर्माण झाला. पर्यटकांसाठी घोडे चालविणे हा सेवा व्यवसाय असल्याने हा मार्ग अशा अर्जदारास सोयीचा ठरतो. राज्य शासनाच्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती जिल्हा उद्योग केंद्रात मिळते.

पैदाशीचा उद्योग उभारणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पशुधन अभियानात फेब्रुवारी २०२४ मध्ये घोडा, गाढव, खेचर व उंट यांचा समावेश करण्यात आला आणि ५० टक्के, कमाल ५० लाख रुपयांपर्यंत भांडवली अनुदानाची तरतूद झाली. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. सैरीसाठी दोन घोडे घेणे आणि पैदास केंद्र चालविणे या भिन्न गोष्टी आहेत. आणि अनुदान हप्त्यांनी, काम पुढे सरकल्यावर मिळते. ते हाती येईपर्यंत कर्जाचा भार अर्जदारासच वाहावा लागतो. घोडीचा गर्भकाळ अकरा महिन्यांचा, आणि शिंगरू कामायोग्य होण्यास आणखी तीन-चार वर्षे लागतात. अनुदानाच्या ओढीने या उद्योगात पडणाऱ्याने तेवढी वर्षे मिळकतीवाचून काढण्याची तयारी ठेवली पाहिजे.

व्याजाचा दर विचारताना तो घटत्या शिलकीवर आहे की मूळ रकमेवर सपाट आहे, हे आवर्जून विचारावे. २,५०,००० रुपयांवर पाच वर्षांसाठी सपाट १२ टक्के म्हणजे १,५०,००० रुपये व्याज. घटत्या शिलकीवर तेच ८३,६६७ रुपये होते. ‘बारा टक्के’ हा शब्द एकच, पण पहिल्या प्रकारात खरा दर सुमारे २० टक्के पडतो.

पावसाळ्यातील तूट भागविण्यासाठी शेकडा पाच रुपये महिना या दराने खाजगी कर्ज काढले जाते. हा दर वार्षिक ६० टक्के होतो. १,०६,००० रुपयांवर दरमहा ५,३०० रुपये नुसते व्याज जाईल, म्हणजे बँकेच्या हप्त्याएवढीच रक्कम, आणि मुद्दलातील एक रुपयाही फिटणार नाही. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ अन्वये परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. शासनाने त्या वर्षी बिगरशेती विनातारण कर्जासाठी वार्षिक १८ टक्के ही कमाल मर्यादा ठरवून दिली. अवैध सावकारीविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. ही माहिती गावोगावी पोहोचविणे हे पंचायत सदस्यांचे काम होय.

विमा आणि जनावराची मर्यादा

घोडा कर्जाचे तारण असतो व मिळकतीचे साधनही असतो. तो दगावला तर दोन्ही एकदम जातात आणि हप्ता मात्र राहतो. म्हणून विमा टाळू नये. राष्ट्रीय पशुधन अभियानात २०२४ मध्ये लाभार्थ्याचा विमाहप्त्यातील वाटा १५ टक्क्यांवर आणला गेला. आपल्या जिल्ह्यात त्याचा लाभ कसा मिळतो, हे पशुसंवर्धन विभागाकडून समजून घ्यावे. जनावराची ओळखखूण, मृत्यूची तत्काळ सूचना आणि शवविच्छेदनाचा दाखला यांवाचून दावा मिळणे कठीण असते. कायमच्या अपंगत्वाचे संरक्षण बहुधा वेगळे मागावे लागते. स्वाराला दुखापत झाल्यास द्याव्या लागणाऱ्या भरपाईचाही विमा उतरविणे हिताचे आहे.

शेवटी, हप्त्याचा ताण जनावराच्या पाठीवर उतरू नये. ओझ्याच्या व वाहतुकीच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांप्रमाणे दिवसाकाठी नऊ तासांहून अधिक किंवा विश्रांतीवाचून सलग पाच तासांहून अधिक काम घेता येत नाही. तट्टावर लादावयाच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. स्वाराच्या बाबतीत, स्वार व खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक भार नसावा, हा जाणत्यांचा दंडक आहे. ३०० किलोच्या तट्टास तो ६० किलो होतो. मिळकतीचा अंदाज या मर्यादेत राहून करावा. जो हप्ता फेडण्यासाठी घोड्यास ठरल्याहून अधिक फेऱ्या मारावयास लावाव्या लागतात, तो हप्ताच मुळात अधिक आहे, असे समजावे. राबवून थकविलेला घोडा दुसऱ्या हंगामात साथ देत नाही आणि कर्ज पाच हंगामांचे असते.

समारोप

घोड्यासाठी कर्ज घेणे अयोग्य नाही. योग्य जनावर, योग्य वेळ आणि योग्य हप्ता यांचा मेळ बसला तर या व्यवसायावर कुटुंब मानाने जगते. पण कर्जाचा विचार उत्तम महिन्याकडे पाहून न करता सर्वांत वाईट महिन्याकडे पाहून केला पाहिजे. ऑगस्ट महिन्यात हप्ता आणि चंदी कोठून येणार, या प्रश्नाचे उत्तर ज्याच्यापाशी आहे, त्यानेच अर्जावर सही करावी. पंचायत सदस्याने शिफारस करताना आणि अधिकाऱ्याने मंजुरी देताना हाच प्रश्न विचारावा.

शिक्षकांना हा हिशेब वरच्या वर्गांत सरळव्याज व चक्रवाढव्याज शिकविताना घेता येईल. चर्चेसाठी पुढील प्रश्न उपयोगी पडतील :

१. वरील उदाहरणात घोडे डिसेंबरऐवजी ऑक्टोबरच्या आरंभी घेतले, तर पहिल्या पावसाळ्यापर्यंत किती शिल्लक राहील?

२. दोनऐवजी एकच घोडा घेतला, तर घरखर्च तोच राहून हप्ता फेडता येईल काय? नसल्यास जोडधंदा किती उत्पन्नाचा हवा?

३. शेकडा पाच रुपये महिना आणि वार्षिक १८ टक्के, या दोन दरांनी ५०,००० रुपयांवर चार महिन्यांचे व्याज किती होईल?

४. आपल्या गावातील कोणत्या व्यवसायांची मिळकत हंगामी आहे आणि त्यांच्या कर्जाचे हप्ते कोणत्या महिन्यांत असावेत?